भीमा आणि घोडच्या काठाने : शिरूर–दौंड परिसरातील निवांत पायी भ्रमंती

पाण्याच्या कडेने रमतगमत चालण्याची हौस महाराष्ट्रात बहुधा समुद्रकिनाऱ्यावर भागवली जाते, आणि सलग सुट्टी मिळाली की पुणे जिल्ह्यातील कुटुंबे अलिबाग, हर्णे किंवा गणपतीपुळ्याची वाट धरतात. परंतु याच जिल्ह्याच्या पूर्वेला असलेल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांना नद्यांचा जो लांबलचक काठ लाभला आहे, तो पायी पाहण्याचा विचार फारसा केला जात नाही. शिरूर तालुक्याच्या उत्तरेकडून आणि पूर्वेकडून कुकडी व घोड वाहतात, दक्षिणेकडून भीमा वाहते, आणि तीच भीमा पुढे दौंड तालुक्याची उत्तर सीमा होऊन श्रीगोंदा व कर्जत तालुक्यांपासून त्याला वेगळे करते. या प्रदेशात समुद्राची गाज नाही, वाळूत रोवलेल्या छत्र्या नाहीत आणि किनाऱ्यावरची उपाहारगृहेही नाहीत. तरीही पाणी, खडक, घाट, नाव, पक्षी आणि काठावरचे मनुष्यजीवन यांपैकी काहीही येथे उणे नाही, शिवाय साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचा पुरावा येथे आहे, जो किनारी पर्यटनस्थळांपैकी फारच थोड्या ठिकाणी मिळेल.

हा सगळा भाग पर्जन्यछायेचा, म्हणजे सह्याद्रीने नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांतील बहुतेक पाणी पश्चिमेकडेच काढून घेतल्यानंतर उरलेल्या तुटपुंज्या पावसावर जगणारा प्रदेश आहे, आणि येथील वार्षिक पर्जन्यमान साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहते. अशा प्रदेशात नदीचा काठ हा केवळ शोभेचा भाग असू शकत नाही. गाव, देऊळ, स्मशान, आठवडे बाजार, पाणउपशाच्या मोटारी आणि उसाचे फड यांची सगळी मांडणी पाण्याच्या कडेवरून ठरलेली असते. म्हणून येथे फिरणाऱ्याने एका देवळापासून दुसऱ्या देवळापर्यंत मोटारीने धावण्याऐवजी नदीचा एकच तुकडा निवडून तो सकाळच्या दोन-तीन तासांत सावकाश चालावा, हे उत्तम. अष्टविनायकांपैकी दोन गणपती एका दिवसात ‘उरकणाऱ्या’ प्रवाशाला भीमा दोनदा ओलांडूनही दिसत नाही.

कोणता तुकडा कोणत्या ऋतूत चालावा, हा पहिला प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर या काळात नद्यांचे पाणी येथील पावसाने तेवढे वाढत नाही, जेवढे पश्चिमेकडील धरणांतून सोडलेल्या विसर्गाने वाढते. घोडेवर डिंभे, तसेच कुकडी, भीमा आणि मुळा-मुठेच्या खोऱ्यांत अनेक धरणे असल्यामुळे शिरूरात लख्ख ऊन असताना पात्रातील पाणी काही तासांत चढू शकते. त्यामुळे पावसाळ्यात काठ उंचावरून पाहावा आणि पात्रात उतरू नये. ऑक्टोबरमध्ये काळी माती पुरती वाळलेली नसते, ती पादत्राणांना थरांवर थर चिकटते आणि चालणे जड होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सुखाचा आहे, कारण पहाटे गारवा असतो, बंधाऱ्यांत पाणी अडवलेले असते, उसाची तोडणी चालू असते आणि डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या ज्वारीचा हुरडा मिळतो. एप्रिल-मे महिन्यांत ऊन असह्य होते, परंतु ज्याला नदीचे तळ, खडक आणि पाण्याखाली गेलेली जुनी बांधकामे पाहायची आहेत, त्याने सकाळी नऊच्या आत परतण्याच्या बोलीवर तेव्हाही जावे.

भ्रमंतीचा आरंभ टाकळी हाजी येथील कुंडांपासून करणे योग्य ठरते. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातील निघोज या दोन गावांच्या मधून कुकडी वाहते, आणि तिच्या पात्रातील काळ्या बेसॉल्ट खडकात जे खोल, गोल, गुळगुळीत खळगे तयार झाले आहेत, त्यांना भूशास्त्रात रांजणखळगे म्हणतात, तर स्थानिक लोक नुसते ‘कुंड’ म्हणतात. हा खडक दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचा आहे. खडकाच्या एखाद्या भेगेत किंवा खाचेत पाण्याबरोबर आलेले दगडगोटे अडकतात, पुराच्या भोवऱ्यात ते गरगर फिरत राहतात, जात्याच्या पाळीप्रमाणे खालचा खडक दळत जातात, आणि हजारो वर्षांत त्या खाचेचा रांजण होतो. पुढे शेजारशेजारचे दोन रांजण आतून एकमेकांत फुटले की त्यांच्यामध्ये कमानी आणि चिंचोळ्या भिंती उरतात. येथे नदीचे सबंध पात्रच अशा रीतीने कोरले गेले असल्यामुळे एकेक खळगा मोजण्यापेक्षा, काठावरून सावकाश वरच्या बाजूकडून खालच्या बाजूकडे चालत जाऊन, उथळ खाच, अर्धा झालेला खळगा, पूर्ण रांजण आणि फुटून एक झालेले रांजण या अवस्था क्रमाने ओळखणे अधिक फलदायी असते. तळाशी पाणी कमी असेल तेव्हा काही खळग्यांत हे घोटीव गोटे अजूनही पडलेले दिसतात, म्हणजे ज्या हत्याराने काम झाले ते हत्यार कामाच्या जागीच सापडते.

दोन्ही काठांवर मळगंगा देवीची देवळे आहेत आणि पात्रावरील झुलत्या पुलावरून एका तालुक्यातून, किंबहुना एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पायी जाता येते. चैत्रात देवीची यात्रा भरते आणि त्या दिवसांत परिसर गर्दीने फुलून जातो. ज्याला खडक पाहायचा आहे त्याने ते दिवस टाळावेत आणि ज्याला यात्रा पाहायची आहे त्याने खडकाची अपेक्षा ठेवू नये. सुरक्षिततेचा मुद्दा येथे औपचारिक नाही. खळग्यांच्या कडा पाण्याने घासून इतक्या गुळगुळीत झालेल्या असतात की पाय घसरल्यावर हाताला धरायला काहीच लागत नाही, आत पडलेल्या माणसाला उभ्या भिंतींवरून वर येता येत नाही, आणि शेवाळ धरलेल्या भागावर तर कोरड्या दिवशीही पाय ठरत नाही. म्हणून लहान मुलांचा हात सोडू नये, काठापासून किमान दोन पावले मागे राहावे आणि छायाचित्रासाठी पाठमोरे सरकत जाण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पोहण्याचा तर प्रश्नच येत नाही.

टाकळी हाजी आणि त्याच्या आसपासच्या उत्तर शिरूर भागाविषयी आणखी एक सूचना आवश्यक आहे. पाटपाणी आणि उपसा सिंचनामुळे येथे उसाचे क्षेत्र वाढले, उंच दाट उसात बिबट्याला आडोसा, पाणी आणि भटकी कुत्री, शेळ्या असे भक्ष्य मिळू लागले, आणि जुन्नरपासून शिरूरपर्यंतच्या पट्ट्यात बिबट्या हा आता जंगलातला नव्हे तर शेतातला प्राणी झाला आहे. या भागात माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर, जीवघेणे हल्लेही झालेले आहेत. त्यामुळे सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर उसाच्या कडेच्या वाटेने चालू नये, एकट्याने जाऊ नये, आपसांत बोलत चालावे, फडाच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नये, आणि गावकऱ्यांनी एखादी वाट नको म्हणून सांगितली तर तो सल्ला निमूटपणे मानावा. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक भ्रमणध्वनीत आधीच साठवून ठेवावा. पहाटे पाचला निघून सूर्योदय पाहण्याची शहरी सवय येथे उपयोगाची नाही, ऊन अंगावर आल्यावर साडेसात-आठला निघणेच शहाणपणाचे.

कुंडांपासून कुकडी पुढे जाऊन घोडेला मिळते आणि घोडेच्या काठी शिरूर वसले आहे. किंबहुना जुन्या पिढीतील अनेकांच्या तोंडी या गावाचे नाव आजही घोडनदी असेच आहे. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या महामार्गावर असल्यामुळे एस.टी.ची सोय भरपूर आहे. वसईच्या तहानंतर, म्हणजे १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारल्यावर, तैनाती फौज म्हणजे पेशव्यांच्या संरक्षणाच्या नावाखाली त्यांच्याच खर्चाने ठेवलेले इंग्रजी सैन्य, त्या सैन्याची मोठी छावणी शिरूरला पडली. याच छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याच्या दिशेने निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भीमेच्या काठी कोरेगावला पेशव्यांच्या सैन्यासमोर आली. छावणीच्या काळातील एक विलक्षण अवशेष म्हणजे १८०९ मध्ये मरण पावलेल्या कर्नल विल्यम वॉलेस याची कबर होय. परक्या सत्तेच्या या अधिकाऱ्याला परिसरातील लोकांनी ‘सत्पुरुष’ म्हणून मान दिला होता, अशी नोंद इंग्रजी काळातील गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, सापडते, आणि कोणत्या माणसाला देवत्व द्यायचे याबाबत ग्रामीण समाजाचे निकष किती स्वतंत्र असतात हे त्यावरून कळते. शिरूर गावातील फेरी तासाभराची आहे: जुना बाजार, नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्या, नदीचा काठ आणि परत. नदीचा काठ येथे फार स्वच्छ नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

या संपूर्ण भ्रमंतीत ज्या एका स्थळासाठी पूर्वतयारी अपरिहार्य आहे ते म्हणजे घोडेच्या उजव्या तीरावरील इनामगाव. पूर्वतयारीवाचून गेलेल्या माणसाला तेथे शेते, बाभळी आणि पांढरीच्या टेकाडाखेरीज काहीही दिसणार नाही. पांढर म्हणजे जुन्या वस्तीच्या राखेने, मातीच्या भिंतींच्या ढिगाऱ्याने आणि सेंद्रिय अवशेषांनी फिकट झालेली माती, जिच्यावरून पुरातत्त्वज्ञ गाडलेले गाव ओळखतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली येथे दीर्घ उत्खनन केले, आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड अशी दोन्ही हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांचे एक सबंध खेडे उजेडात आणले. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांविषयी आज जे काही खात्रीने सांगता येते, त्यातील मोठा भाग या एका टेकाडातून आला आहे.

उत्खननात तीन कालखंड वेगळे करता आले. सर्वांत खालचा माळवा संस्कृतीचा, त्यावर पूर्व जोर्वे आणि सर्वांत वर उत्तर जोर्वे. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातील गाव असून तेथे प्रथम सापडलेल्या, लाल पृष्ठभागावर काळी नक्षी असलेल्या खणखणीत भाजणीच्या मडक्यांवरून या संस्कृतीला ते नाव मिळाले आहे. आरंभीची घरे प्रशस्त आणि आयताकृती होती, तर अखेरच्या काळात लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस घटत गेला, शेती कोलमडली आणि लोक अर्धभटक्या जीवनाकडे वळले, असा या बदलाचा अर्थ ढवळीकरांनी लावला. पाण्याच्या कडेने चालणाऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की या लोकांनी नदीच्या पाण्यासाठी पाट खोदला होता आणि पुरापासून बचावासाठी बांध घातला होता, म्हणजे आज घोडेवर ठिकठिकाणी दिसणाऱ्या बंधाऱ्यांची आणि कालव्यांची खटपट याच काठावर तीन हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली होती. जव, म्हणजे सातू, हे त्यांचे मुख्य पीक होते. मेलेल्या माणसाला घराच्या जमिनीखालीच पुरत, प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडत, आणि लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत ठेवत. पाच खोल्यांच्या एका घरात चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात बसवलेला एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला आणि त्याचे पाय मात्र शाबूत होते, यावरून तो गावाचा प्रमुख असावा असे अनुमान करण्यात आले.

हे सर्व डोळ्यांसमोर आणायचे असेल तर इनामगावला जाण्यापूर्वी पुण्यातील येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयाला एक भेट द्यावी, कारण मडकी, मणी, मूर्ती आणि दफने तेथे आहेत, तर टेकाडावर केवळ जागा आहे. संग्रहालय आधी आणि नदी नंतर, हा क्रम उलटा केल्यास दोन्ही भेटी निम्म्या वाया जातात. टेकाडावर चालताना पावसाने उघडी पडलेली खापरे जागोजागी दिसतात. ती पाहावीत, हातात घेतल्यास त्याच जागी ठेवावीत आणि खिशात घालू नयेत, कारण खापराचे मोल ते कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी होते यावर ठरते. आसपासची जमीन खाजगी शेतीची असल्याने बांधावरून जाण्यापूर्वी शेतकऱ्याची परवानगी घ्यावी; बहुतेक वेळा परवानगीबरोबर चहाही मिळतो.

घोड आणि भीमा या दोन्ही नद्यांच्या काठाने चालताना कोल्हापूर पद्धतीचे बंधारे वारंवार लागतात. दगडी किंवा सिमेंटच्या खांबांच्या मध्ये पावसाळ्यानंतर लोखंडी ढापे बसवून पाणी अडवायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून पुराला वाट मोकळी करायची, अशी ही रचना असून गावोगावी लोक तिला ‘केटी’ म्हणतात. बंधाऱ्याच्या माथ्यावरून पलीकडच्या गावाला जाण्याची वाट असते आणि दोन्ही बाजूंचे दृश्य पाहण्यासाठी ती उत्तम जागाही असते: एका बाजूला भरलेला डोह, दुसऱ्या बाजूला उघडा खडक. मात्र कठडे बहुधा नसतात, दुचाकी वेगाने येतात, आणि ढाप्यांमधून निसटणाऱ्या पाण्याचा ओढा वरून दिसतो त्यापेक्षा फार जोरदार असतो. त्याहूनही फसवा धोका पात्रातील वाळूउपशाचा आहे. वर्षानुवर्षे वाळू उपसली गेल्यामुळे घोटाभर दिसणाऱ्या पाण्याखाली अचानक पुरुषभर खोल खड्डा असू शकतो, आणि तो वरून ओळखण्याचे कोणतेही चिन्ह नसते. समुद्रकिनाऱ्यावर पाय भिजवत चालण्याची सवय असलेल्यांनी ती सवय येथे घरी ठेवून यावी.

भीमेच्या पट्ट्यात उतरताना नावांच्या साम्यामुळे होणारा एक नेहमीचा घोटाळा टाळावा. महामार्गावरील रांजणगाव गणपती हे महागणपतीचे क्षेत्र आणि औद्योगिक वसाहतीचे गाव वेगळे, आणि मुळा-मुठा ज्या ठिकाणी भीमेला मिळते ते रांजणगाव सांडस वेगळे. पहिल्या ठिकाणी देऊळ पाहावे, माधवराव पेशव्यांच्या काळातील गाभाऱ्याची रचना पाहावी आणि पुढे निघावे. तेथे चालण्यासारखे फारसे नाही. दुसऱ्या ठिकाणी संगम आहे, आणि पुणे शहराचे सांडपाणी घेऊन आलेली नदी भीमेत मिसळताना काय होते, हे पाण्याच्या रंगावरून, वासावरून आणि हिरव्या गालिच्यासारख्या पसरलेल्या जलपर्णीवरून स्वच्छ कळते. हे दृश्य रमणीय नाही, तरी ज्या नदीच्या काठाने पुढे सिद्धटेक आणि पंढरपूर आहे तिची अवस्था पायी फिरणाऱ्याने डोळ्यांनी पाहायलाच हवी. भीमेच्या वरच्या अंगाला वढू बुद्रुक आणि तुळापूर ही छत्रपती संभाजी महाराजांच्या अखेरच्या काळाशी निगडित स्थळे आहेत, आणि फाल्गुन अमावास्येला तेथे मोठी गर्दी होते. तसेच १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळच्या जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी लाखोंचा समुदाय लोटतो व महामार्गावरील वाहतूक वळवली जाते. या दोन दिवसांत त्या स्थळांनाच जायचे नसेल तर भ्रमंतीचा दिवस बदलावा.

दौंड तालुक्याला चालणे नवे नाही. दरवर्षी संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला जाताना यवत आणि वरवंड येथे मुक्काम करते, आणि यवतला वारकऱ्यांसाठी गावकरी पिठलं-भाकरीचा जो बेत करतात त्याची ख्याती सगळ्या वारीत आहे. तालुक्यातून वाहनाने जाताना कंटाळवाणा वाटणारा सपाट रस्ता लक्षावधी माणसे दरवर्षी पायी तुडवतात, हे ध्यानात घेतले तर येथे चालण्यासारखे काय आहे, हा प्रश्न उरत नाही. केडगाव आणि यवत या बाजूला गुऱ्हाळे आहेत. हंगामात काहिलीशेजारी उभे राहून रसाचा पाक होताना पाहावा आणि विचारून, पैसे देऊन, गरम काकवी घ्यावी. केडगावलाच पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले मुक्ती मिशन आहे. ती आजही चालू असलेली संस्था असल्याने आत जाण्यापूर्वी परवानगी घेणे उचित होय.

भीमेच्या काठावरील दोन मोठे टप्पे दौंडच्या समोरच्या तीरावर आहेत. पहिला पेडगावचा बहादूरगड. श्रीगोंदा तालुक्यातील हा भुईकोट, म्हणजे डोंगरावर नव्हे तर सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला, औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश याच्या नावाने ओळखला जाई, आणि १६८९ च्या फेब्रुवारीत कैद झालेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबासमोर येथेच आणले गेले. अलीकडे त्याला धर्मवीरगड हे नाव देण्यात आले आहे. बहुतेक प्रवासी वेशीतून आत जाऊन त्या प्रसंगाचे स्मरण करतात आणि परततात. परंतु आत यादवकालीन शैलीतील देवळे आहेत, त्यांतील लक्ष्मीनारायणाच्या देवळाची कोरीव भिंत तासभर पाहण्याजोगी आहे, आणि नदीकडच्या तटाच्या बाजूने चालत गेल्यास मोटेने भीमेचे पाणी वर उचलून किल्ल्यात खेळवण्याच्या व्यवस्थेचे अवशेष दिसतात. म्हणजे किल्ला नदीच्या काठी का बांधला याचे उत्तर तटावरच मिळते. तटालगत वेडी बाभूळ माजलेली असते आणि तिचा काटा पातळ तळव्याची चप्पल सहज भेदतो, म्हणून येथे जाड तळव्याचे बूटच हवेत.

दुसरा टप्पा सिद्धटेकचा. कर्जत तालुक्यातील या क्षेत्राला दौंडहून शिरापूरमार्गे येतात. पूर्वी शिरापूरच्या काठावरून नावेने पलीकडे जावे लागे, आता पूल झाला आहे. अष्टविनायकांपैकी उजव्या सोंडेचा हा एकमेव गणपती, आणि देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधलेले. देऊळ टेकडीवर असून प्रदक्षिणा घालायची तर सबंध टेकडीलाच वळसा घालावा लागतो. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांनी अधिकार गेल्यावर येथे एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या, अशी परंपरा सांगितली जाते. निवांत फिरणाऱ्यासाठी एकच पुरे. तिला पुरेसा वेळ ठेवावा, चतुर्थी सोडून एखादा साधा वार निवडावा, आणि दर्शन झाल्यावर घाटावर उतरून पूल, वाहते पाणी आणि पलीकडच्या शिरापूरची शेते दिसतील अशा जागी बसावे. घाईचे वेळापत्रक घेऊन येथे येऊ नये.

जेवणासाठी वेगळी धडपड करावी लागत नाही. बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि शिरूर-जुन्नर बाजूची मासवडी, जी नावावरून वाटते तशी माशाची नसून बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून केलेली असते, एवढे कोणत्याही बऱ्या खानावळीत मिळते. पिण्याचे पाणी मात्र प्रत्येकी किमान दोन लिटर बरोबर घ्यावे. नदीचे पाणी कोणत्याही कारणाने पिऊ नये. तोडणीच्या हंगामात उसाने ओसंडणाऱ्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्ता अडवून चालतात, त्यामुळे डांबरी रस्त्याने जावे लागले तर समोरून येणारे वाहन दिसेल अशा उजव्या कडेने, एकामागे एक चालावे.

ज्याला समुद्राची आठवण येईल इतके विस्तीर्ण पाणी हवे असेल त्याने दौंडहून सोलापूरच्या दिशेने जाणारी गाडी धरून भिगवणला उतरावे. दौंड हे मोठे जंक्शन असल्याने पुण्याहून तेथपर्यंत येणे सोपे आहे. मनमाडकडे जाणारा फाटा १८७८ मध्ये सुरू झाल्यापासून या गावाचे सारे जीवन रेल्वेभोवती फिरते. भिगवण इंदापूर तालुक्यात आहे आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी, म्हणजे धरणाच्या भिंतीमुळे नदीपात्रातून मागे चढलेले पाणी, येथे दूरवर पसरले आहे. या पाण्याखाली अनेक गावे गेली, आणि उन्हाळ्यात पातळी उतरली की पळसदेवच्या जुन्या देवळासारखी बांधकामे पुन्हा उघडी पडतात. डिसेंबर ते मार्च या काळात रोहित पक्ष्यांचे, ज्यांना अग्निपंख असेही म्हणतात, थवे उथळ पाण्यात उतरतात. त्यांच्याबरोबर पट्टकादंब, चित्रबलाक आणि राखी बगळे दिसतात. कुंभारगाव आणि डिकसळच्या काठाने सकाळी तासभर चालल्यावर नाव ठरवावी, आणि बसण्यापूर्वी तिचे भाडे व वेळ स्पष्ट बोलून घ्यावी. दुपारी भिगवणच्या खानावळींत चिलापी किंवा मरळ खावी. नावाड्याला एक गोष्ट निघतानाच सांगावी, की थव्याच्या जवळ इंजिन बंद करायचे आणि पक्षी उडवायचे नाहीत. उडणाऱ्या गुलाबी पंखांचे छायाचित्र मिळावे म्हणून काही प्रवासी त्याला जास्तीचे पैसे देऊ करतात, आणि दिवसातून दहा वेळा उठवलेला थवा चिखलातले खाद्य अर्धवट टाकून दुसऱ्या काठाला निघून जातो.